मावळच्या मातीची नोंद कोण ठेवणार?

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्यास मान्यता दिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले समाविष्ट झाले, त्यांतही राजगडाचे नाव आले. सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी राहिलेल्या या गडाचा हा सन्मान उशिरा का होईना झाला आणि त्याचा आनंद भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत, तसाच पुण्या-मुंबईच्या शिवप्रेमी घरांत साजरा झाला. तो उचितच होता. मात्र गडाचे नाव तालुक्याला लाभत असताना गडाच्या पायथ्याच्या मातीत उद्या काय मिसळणार आहे, याचा विचार त्याच उत्साहाने व्हावयास हवा. मावळ्यांच्या पराक्रमाचे पोवाडे ऐकणाऱ्या समाजाने मावळ्याच्या खाचरात एकदा वाकून पाहण्याची वेळ आली आहे.

शेतजमिनीच्या प्रकृतीची सरकारी नोंद म्हणजे मृदा आरोग्य पत्रिका. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगड येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या योजनेचा प्रारंभ केला. शेतकऱ्याने अंदाजाने खतांच्या गोणी न ओतता जमिनीची गरज पाहून खत द्यावे, हा तिचा हेतू. तो स्तुत्य आहे आणि ज्यांनी पत्रिका वाचून खत दिले त्यांचा खर्च वाचला आहे. या पत्रिकेत १२ गोष्टी तपासल्या जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय हवे, याचा हा हिशेब आहे. पिकाला आणि ते खाणाऱ्या माणसाला काय नको, याचा हिशेब तीत नाही. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, निकेल, क्रोमियम या सहांपैकी एकाचेही नाव पत्रिकेवर सापडत नाही. जस्त आणि तांबे आहेत, पण तेही कमी पडते आहे काय, एवढेच पाहण्यासाठी.

या धातूंचा स्वभाव लक्षात घेतल्याशिवाय प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. शेण कुजते, पालापाचोळा कुजतो, सांडपाण्यातील मैलाही काळाने मातीत जिरून जातो. बहुतेक कीटकनाशकेदेखील काही महिन्यांत वा वर्षांत विघटित होतात. धातू कुजत नाही. तो मूलद्रव्य आहे; त्याचे विघटन होऊन दुसरे काही निर्माण व्हावे, अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही. मातीतील चिकणमातीचे कण, लोहाची भस्मे आणि सेंद्रिय द्रव्य त्याला धरून ठेवतात आणि वरच्या वीतभर थरात तो पिढ्यान्‌पिढ्या बसून राहतो. म्हणजे नांगर जेथे फिरतो, मुळे जेथे पसरतात आणि मुले जेथे खेळतात, नेमका तोच थर त्याचे घर होतो. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र बंधनकारक झाले. त्याआधी अनेक दशके वाहनांच्या धुरातून जे शिसे रस्त्याकडेला पडले, ते पेट्रोल बदलल्याने उठून गेले नाही. महामार्गालगतच्या मातीत ते आजही मुक्कामाला आहे.

येथे एक शंका निघते, आणि ती रास्त आहे. धातू तर मातीत मुळातच असतात. मग माणसाला दोष का द्यावा? सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून बनलेला बेसाल्ट. त्यात क्रोमियम, निकेल, तांबे आणि जस्त हे धातू जात्याच बऱ्यापैकी असतात आणि त्याच्यापासून बनलेल्या मातीतही ते उतरतात. ज्या रायरेश्वरावर शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली असे परंपरा सांगते, त्या पठारावरची नाना रंगांची माती पाहण्यास लोक मुद्दाम जातात. ते रंगही लोहाच्या भस्मांचेच आहेत. याउलट बेसाल्टमध्ये शिसे अगदी अल्प असते, कॅडमियम आणि पारा तर नाममात्र. तेव्हा मावळच्या मातीत क्रोमियमचा आकडा मोठा आला तर तो खडकाचा गुण असू शकतो. शिशाचा वा कॅडमियमचा आकडा चढू लागला तर त्यामागे बहुधा माणसाचाच हात असतो.

हा भेद प्रयोगशाळेपुरता नाही, त्यात व्यवहार आहे. उद्या एखाद्या कारखान्याने वा भंगारवाल्याने नाल्यात क्रोमियम सोडले आणि शेतकरी तक्रार घेऊन गेला, तर त्याला पहिले उत्तर काय मिळेल? ‘तुमच्या खडकातच आहे ते.’ हे उत्तर खोडून काढण्याचा एकच मार्ग आहे : कारखाना येण्यापूर्वी त्या गावच्या मातीत किती क्रोमियम होते, याची दिनांकासह नोंद. ती नोंद नसेल तर शेतकरी खरा असूनही खोटा ठरेल. सातबारा जमीन कोणाची हे सांगतो. जमीन कशी होती, हे सांगणारा कागद मावळच्या शेतकऱ्याजवळ नाही.

आणि येणारे आता वेशीवर उभे आहेत. ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्यांत खडकवासल्यापासून कात्रज घाटाच्या पायथ्याच्या भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडीपर्यंतचा पट्टा आहे. क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठी ठरलेली ही महापालिका घाटाला टेकली. घाट ओलांडला की खेड-शिवापूर आणि पुढे भोर तालुक्यातील ससेवाडी, वरवे, केळवडे, नसरापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळे ही महामार्गावरची गावे लागतात. नसरापूरहून वेल्ह्याकडे वाट फुटते. शहर या वाटेने येताना एकटे येत नाही. त्याच्या पाठोपाठ गोदामे, गॅरेज, भंगाराची दुकाने, रंगकाम करणारी छोटी युनिटे, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि कचऱ्याचे डंपर येतात. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी पुण्याच्या कचऱ्याचे ओझे वर्षानुवर्षे वाहिले. तेथील विहिरींच्या पाण्याचे काय झाले, हे सांगण्यासाठी गावकऱ्यांना रस्त्यावर उतरून कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या होत्या. जिजाऊसाहेबांनी उजाड पुण्यात सोन्याचा नांगर फिरवला, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मूल ऐकत मोठे होते. त्या नांगरटीतून वसलेल्या नगराने शेजारच्या शिवारात शिसे पेरावे, हा कसला परतावा?

धातू कोठून येतात, हे आता जगभर पुरेसे ज्ञात आहे आणि त्यात गूढ असे काही नाही. महामार्गाचेच उदाहरण घ्यावे. टायरच्या रबरात जस्ताचे भस्म घातलेले असते आणि त्याच्यासोबत अल्प प्रमाणात कॅडमियम येते. टायर झिजतो तसे ते रस्त्यावर सांडते. ब्रेकच्या अस्तरातून तांबे झडते. कठड्यांच्या जस्तलेपित पत्र्यांवरून पावसाचे पाणी जस्त धुऊन नेते. हे सारे रस्त्याच्या अगदी निकट पडते आणि पहिल्या काही दहा मीटरांपुढे त्याचे प्रमाण झपाट्याने उतरते. अर्थ स्पष्ट आहे : महामार्गाला खेटून पालेभाजी लावू नये आणि तेथे झाडांचा व गवताचा दाट पट्टा राखावा. सुवर्ण चतुष्कोन योजनेने अटलजींच्या काळात देशाचे रस्ते रुंद केले, त्याचा लाभ भोरच्या दुधाला आणि तांदळालाही झाला. रस्ता नको, असे कोणताही समंजस माणूस म्हणणार नाही. रस्त्याच्या कडेला काय पिकवावे, याचे ज्ञान मात्र रस्त्याबरोबर यावयास हवे होते. ते आले नाही.

गॅरेजांची कथा याहून गंभीर. मोटारीच्या एका साध्या बॅटरीत सुमारे आठ-नऊ किलो शिसे असते. ती अधिकृत पुनर्वापर केंद्रात गेली तर शिसे पुन्हा बॅटरीत जाते. उघड्यावर फोडली, तिचे आम्ल जमिनीवर ओतले आणि शिसे भट्टीत वितळवले, तर आजूबाजूच्या मातीत एका दिवसात जेवढे शिसे उतरते तेवढे रस्त्यावरून कित्येक वर्षांत उतरत नाही. बॅटऱ्यांसंबंधीचे पहिले नियम २००१ सालचे, त्यांची जागा २०२२ च्या नियमांनी घेतली. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. प्रत्यक्षात चार पैसे जास्त देणारा भंगारवाला दारात उभा असतो आणि सौदा तेथेच मिटतो.

कचऱ्यापासून केलेल्या खताकडेही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. ओला कचरा वेगळा करून केलेले खत शेताला अमृत आहे. पण ट्यूबलाइटच्या काचा, घड्याळातले सेल, रंगाचे डबे आणि भाजीचे देठ एकाच ढिगात कुजवले, तर त्या खतात धातू येणारच. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टसाठी मर्यादा घातल्या आहेत. एक किलो खतात शिसे १०० मिलिग्रॅम, क्रोमियम ५० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. स्वस्तात मिळते म्हणून ट्रॉलीभर खत उतरवून घेणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीचा दाखला मागावा. दाखला नसेल तर ट्रॉली परत पाठवावी. मावळातील भाताच्या राबाबद्दलही असेच सांगता येईल. शेण, कवळ आणि पाचोळा भाजून रोपासाठी जमीन तयार करण्याची ती जुनी रीत. त्या पाचोळ्याबरोबर रंगीत प्लॅस्टिक आणि वायरींची वेटोळी जाळली, तर रंगांतील आणि आवरणांतील धातू राखेतून थेट रोपाच्या मुळाशी जातात.

सणांचा विषय निघाला की ठरावीक मंडळींना पर्यावरणाची आठवण होते आणि वर्षभर नद्यांत रसायने सोडणाऱ्यांविषयी मौन बाळगणारे गणेशोत्सवात हिंदूंना उपदेश करू लागतात. या ढोंगाचा समाचार घेतलाच पाहिजे. परंतु ढोंगी माणसाने सांगितले म्हणून खरी गोष्ट खोटी होत नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती ही परंपरा नव्हे, ती बाजाराची सोय आहे. पार्थिव गणेशाचे पूजन म्हणजे मातीच्या गणेशाचे पूजन. ‘पार्थिव’ या शब्दातच पृथ्वी आहे. जी मूर्ती विरघळत नाही आणि जिच्या चकचकीत रंगात शिसे वा क्रोमियम असू शकते, तिचे नीरेत किंवा गुंजवणीत विसर्जन करणे शास्त्राला धरून नाही आणि शेतीलाही परवडणारे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या निघण्याची वाट हिंदू समाजाने पाहावी लागली, हेच खरे तर खटकते.

आता भाताविषयी. भोर आणि वेल्हे म्हणजे इंद्रायणीचा, आंबेमोहोराचा मुलूख. भाताचे झाड कॅडमियम सहज उचलते. खाचरात पाणी तुंबलेले असेतो कॅडमियम गंधकाशी बांधला जातो आणि स्वस्थ राहतो. भात निसवल्यावर पाणी ओसरले, मातीत हवा शिरली, की तो मोकळा होतो आणि नेमका दाणा भरताना मुळांतून वर चढतो. दाणा डोळ्यांना पूर्वीसारखाच शुभ्र दिसतो, वासही तोच येतो. जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या काठी हेच घडले. वरच्या अंगाच्या खाणीतून आलेला कॅडमियम नदीच्या पाण्याने खाचरांत उतरला, खाचरांतून तांदळात आणि तांदळातून माणसांच्या मूत्रपिंडांत व हाडांत. अनेक बाळंतपणे झालेल्या, मध्यम वयाच्या स्त्रियांची हाडे खोकल्याच्या ठसक्याने मोडत. त्यांच्या विव्हळण्यावरून त्या व्याधीला ‘इताई-इताई’ असे नाव पडले. इताई म्हणजे ‘दुखते’. १९६८ साली जपान सरकारने प्रदूषणजन्य रोग म्हणून तिला मान्यता दिली. त्यानंतर शेते शुद्ध करण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले ते २०१२ मध्ये संपले. सुमारे ८६० हेक्टर जमिनीसाठी जपानसारख्या धनाढ्य आणि शिस्तप्रिय राष्ट्राला ३३ वर्षे लागली, कारण वरची माती बदलण्यावाचून उपाय उरला नव्हता. वेल्ह्याच्या डोंगरउतारावरील एखाद्या वाडीची माती बदलण्यास कोण येणार आहे?

मावळाची माती या बाबतीत अधिक हळवी आहे, ही गोष्ट फारशी चर्चिली जात नाही. बारामती-इंदापूरकडची काळी, चुनखडीयुक्त जमीन अल्कधर्मी असते. ती बहुतेक धातूंना घट्ट धरून ठेवते. सह्याद्रीच्या कड्याजवळ प्रचंड पाऊस पडतो. त्या पावसाने चुना धुऊन नेलेली तांबूस माती आम्लधर्मी होत जाते आणि आम्लधर्मी मातीत कॅडमियम, जस्त, निकेल यांसारखे धातू सैल होतात. त्यामुळे तेवढ्याच विषाचा परिणाम काळ्या रानात कमी आणि मावळच्या खाचरात अधिक होतो. शिवाय उतारावरची माती जागेवर राहत नाही. जुलैच्या धारांबरोबर ती नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून धरणात जाते.

धरणे कोणती? आंबी नदीवरचे पानशेत आणि मोसे नदीवरचे वरसगाव. त्यांच्या पाण्यावर पुण्यातील घरांचे नळ चालतात. येळवंडीवरचे भाटघर आणि नीरेवरचे नीरा-देवघर यांच्या पाण्यावर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचा ऊस उभा राहतो. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानंद खोरे, मोसे खोरे यांनी एके काळी स्वराज्याला माणसे दिली. बाजीप्रभू, येसाजी कंक, बाजी पासलकर याच खोऱ्यांतले. स्वातंत्र्याच्या आगेमागे त्याच खोऱ्यांनी धरणांसाठी गावे दिली. पानशेतच्या पाण्याखाली घरदार गेलेल्यांचे नातू आज पुण्यात मजुरीला येतात आणि त्यांच्या आजोबांच्या शिवारातले पाणी शहरातल्या टाक्यांत खेळते. एवढे घेतल्यानंतर त्या पाणलोटात राडारोड्याचे डंपर रिकामे करणे याला कृतघ्नता हाच शब्द आहे.

या सगळ्याची किंमत शेवटी मुले मोजतात. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याइतके आढळते आणि त्यांतील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसे बुद्धीवर आघात करते, आणि तोही ती घडत असतानाच्या वयात. अभ्यासात मागे पडणारे मूल आळशी आहे असे गुरुजी आणि आईबाप समजतात. मातीशी त्याचा संबंध जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

कायदा आहे काय? आहे, आणि तो ताजा आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. ज्याने प्रदूषण केले त्याने शुद्धीकरणाचा खर्च सोसावा, हे तत्त्व त्यांत आहे. संशयित स्थळे शोधण्याची आणि कळवण्याची जबाबदारी स्थानिक व जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण कचऱ्याच्या डेपोंसारख्या स्थळांना, त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत म्हणून, यातून वगळले आहे. शिवाय हे नियम जमीन बिघडल्यानंतर जागे होतात. भोर-वेल्ह्यातील बहुतेक शिवार त्यांच्या कक्षेत येण्याआधीच सांभाळायचे आहे आणि ते काम कोणत्याही नियमाने कोणाच्याही गळ्यात घातलेले नाही.

गावातून विरोधही होईल. माती तपासली आणि आकडा वाईट आला तर तांदळाला गिऱ्हाईक मिळणार नाही, जमिनीचा भाव पडेल, ही भीती पोटापाण्याची आहे. तिची टवाळी करू नये. त्यावर उत्तर असे की, आज आकडे चांगले येण्याचीच शक्यता मोठी आहे. तपासून शुद्ध ठरलेल्या मातीतला आंबेमोहोर पुण्याच्या बाजारात दोन पैसे जास्त मिळवील. जमिनीचा भाव वाढलेला पाहून एकर-दोन एकर विकणारा आणि पुढे त्याच जागी उभ्या राहिलेल्या फार्महाऊसवर राखणदार म्हणून उभा राहणारा शेतकरी या खोऱ्यांत शोधावा लागत नाही. विकण्याचा हक्क त्याचाच आहे. आपण नेमके काय विकतो आहोत, हे त्याला कळावे एवढीच अपेक्षा.

संघाच्या शताब्दीवर्षात पंचपरिवर्तनाचा जो आग्रह धरला गेला, त्यात पर्यावरण हा एक विषय आहे. शाखाशाखांतून वृक्षारोपण झाले, प्लॅस्टिकमुक्तीचे संकल्प झाले. ते चालू राहावेत. परंतु रोप लावून छायाचित्र काढणे सोपे असते. गावोगाव फिरून मातीचे नमुने गोळा करणे, त्यांवर चिठ्ठ्या लावणे आणि अहवाल येईपर्यंत पाठपुरावा करणे कंटाळवाणे असते. त्याचे छायाचित्रही चांगले येत नाही. असे कंटाळवाणे काम नेटाने करणारी माणसे या संघटनेत पिढ्यान्‌पिढ्या घडली आहेत. भोर आणि वेल्ह्यातील कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे आणि पुण्यातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी व कृषी महाविद्यालयाने त्यांना हात द्यावा.

रीत अवघड नाही. भाताची काढणी झाल्यावर जमीन मोकळी असते, तेव्हापासून उन्हाळा संपेपर्यंतचा काळ नमुन्यांसाठी योग्य. प्रत्येक गावात महामार्गालगत वा गॅरेजजवळचे एक शिवार, गावाच्या मध्यातले एक आणि डोंगराकडचे, वाहतुकीपासून दूर असलेले एक, असे निदान तीन भाग निवडावेत. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यावा, कडेची माती खरवडून एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो ठेवून बाकीची परत टाकावी. लोखंडी फावडे वा जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये, नाहीतर आकडे फुगतात. लाकडी खुरपणे आणि प्लॅस्टिकचे घमेले पुरते. नमुन्यावर गट क्रमांक, तारीख आणि खोली लिहावी. नेहमीच्या १२ घटकांबरोबर शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा आणि आर्सेनिक तपासून मागावे. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग बंद बरणीत ग्रामपंचायतीत जपून ठेवावा, म्हणजे दहा वर्षांनी कोणी वाद घातला तर तीच माती पुन्हा तपासता येईल. अहवाल १ मे रोजीच्या ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा, इतिवृत्तात नोंदवावा आणि त्याची एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी. जूनमध्ये पेरणी सुरू होण्यापूर्वी एवढे सहज होण्यासारखे आहे.